मुका फेरा

दुष्काळ सरला, पाऊस वेळेवर झाला, भुईमूग शेंगेला लागला, आणि काढणी तोंडावर आली असताना डुकरं आली. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथं नेणाऱ्याला चार पाय आणि दोन सुळे होते. होटगीच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी कल्लप्पाचं रान होतं. सकाळी तो गेला तर ओढ्याकडची सगळी पट्टी उकरून टाकलेली. वेल उताणे पडलेले, ओल्या मातीत खुरांचे ठसे, जागोजाग चघळून थुंकलेली टरफलं. कल्लप्पा उकिडवा बसला आणि एक वेल हातात घेऊन नुसता बघत राहिला. त्याला रडू येईना आणि शिवीही सुचेना.

पलीकडच्या कोपऱ्यातून फुलाबाई आली. पन्नाशीला टेकलेली, हडकुळी, उघड्या कपाळाची. त्या कोपऱ्यातला एक तुकडा तिच्याकडं होता.

"माजा बी ग्येला, धाकलं मालक," ती म्हणाली. "एक वेल धड ठिवला न्हाय मेल्यांनी."

"डबं वाजवू की, फुलाक्का. जाळ करू."

"डब्याला भ्यायला ती काय पाखरं हायती?"

तरी डबे वाजवले, जाळ केले, बुजगावणं उभं केलं. डुकरं बुजगावण्याच्या पायाशीच उकरून गेली. पारावर गुरप्पा म्हणाला, "कल्लप्पा, बार काडल्याबिगर हे जनावर हलायचं न्हाय. पिकासाटनं बंदुकीचा परवाना मिळतोय की. तू जाऊन—" आणि मधेच थांबून तो तंबाखू मळायला लागला. बाकीच्यांनीही माना खाली घातल्या. कल्लप्पासमोर बंदुकीचं नाव गावात कुणी घेत नसे.

सतरा-अठरा वर्षांमागची गोष्ट. तेव्हा त्या घरात बंदूक होती आणि ती कल्लप्पाचा बाप चनमल्लप्पा वापरायचा, तीही आवाजापुरती. गळ्यात लिंग असलेलं, लिंगायताचं घर. जीव मारायचा नाही. पण त्या वर्षी डुकरानं घरचा बैल फाडला, आणि चनमल्लप्पानं पहिल्यांदा नळीत छर्रे भरले.

मार्गशीर्षातल्या येळ अमावस्येला रानात पाच दगड मांडून पांडवांची पूजा झाली, जेवणं झाली, माणसं घरी गेली. त्या गावात दिवेलागणीला आणखी एक रीत असते. एकानं काळी घोंगडी पांघरायची, आंबिलीचा बिंदगा, लहानसा घडा, हातावर घ्यायचा आणि वाकून शिंपडत पिकाभोवती जायचं. मागं बघायचं नाही, कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. बोललं तर पिकातली लक्ष्मी उठून जाते. त्याला मुका फेरा म्हणतात. हा फेरा घरचा सालगडी येडू घालायचा, फुलाबाईचा नवरा. त्या दिवशी बिंदगा लवंडला, आणि फुलाबाईनं घरून दुसरी आंबील आणेपर्यंत उशीर झाला. फेरा केव्हाच उरकला असं समजून चनमल्लप्पा राखणीच्या माळ्यावर चढला. ज्वारीत काळं, वाकलेलं काहीतरी हललं. बार झाला.

कोर्टानं अपघात म्हणून सोडलं, बंदूक सरकारजमा झाली. साहेबानं एकच गोष्ट खोदून विचारली होती, बार टाकायच्या आधी हाक मारलीस का? चनमल्लप्पा म्हणाला, "आटवत न्हाय." मारली म्हणायला काय जात होतं? पण त्याला खरोखरच आठवत नव्हतं. तेव्हापासून त्यानं रानात पाय ठेवला नाही. सोप्यात बसायचा, दोन्ही वेळा डाव्या तळहातावर लिंग धरून एकटक बघत राहायचा, आणि बोलायचा ते पाणी मागण्यापुरतं. कोपऱ्यातला तुकडा फुलाबाईच्या पोटाला लावून दिला. आणि त्या घराचा मुका फेरा बंद पडला तो पडलाच.

"मावांना कळलं तर?" परवान्याचं ऐकून कल्लप्पाची बायको काशम्मा भाकरी थापता थापता, सोप्यातल्या सासऱ्याला ऐकू जाणार नाही अशी, म्हणाली.

"डुक्कर काय अप्पाला इचारून येतंय?" कल्लप्पा म्हणाला खरा, पण कचेरीला जाताना तो मागच्या दारानंच गेला.

तालुक्याच्या कचेरीत कारकुनानं अर्ज वाचला, चष्मा वर केला. "चनमल्लप्पाचा मुलगा का तू? बापानं माणूस पाडला, आता मुलाला हौस आली?"

"हौस न्हाय सायेब. डुकरं हायती."

"हात पुढं कर बघू. दोन्ही."

कल्लप्पानं हात पुढं केले. बाकावरची माणसं माना वळवून बघायला लागली. हात थरथरत होते. चाळीशीला आलेला माणूस, पण शाळेत छडीसाठी उभं केल्यासारखं त्याला झालं. कारकून हसला. "डुकराचं काही खरं नाही बघ!" बाकावर खसखस पिकली. कल्लप्पानं हात धोतराला पुसले.

"चौकशी होईल," कारकून म्हणाला. "मयताच्या बायकोचा जबाब लागेल. तिची हरकत असली तर परत फिरकू नकोस."

हे फुलाबाईला विचारायचं कसं? डुकरांच्या तोंडातून उरलेला भुईमूग उपटला, ढीग घातला, बायामाणसं शेंगा तोडायला बसली. कल्लप्पा रोज तिच्यासमोर बसायचा. नखात माती, बोटांची सालटं निघालेली, मान मोडून आलेली. रोज तो मनाशी ठरवायचा, तोंड उघडायचा आणि म्हणायचा, "फुलाक्का, जरा तांब्या द्या हिकडं." इतकं पाणी प्यायलेला माणूस त्या शिवारात दुसरा नसेल.

शेवटी त्याच्या आधी जमादारच आला, सायकल बांधाला टेकवून थेट ढिगाशी. सगळ्या बायकांच्या देखत त्यानं कागद मांडीवर घेतला.

"येडूची बायकू कोन?"

"म्या."

"हा कल्लप्पा बंदूक काडतोय. तुजी हरकत हाय का?"

शेंगा तोडणारे सगळे हात थांबले. काशम्मानं पदर तोंडाला लावला. कल्लप्पा मातीकडं बघत राहिला. आपण आधी विचारलं नाही याची त्याला मरणाची लाज वाटली. फुलाबाईनं हातातला वेल आधी पुरता तोडून संपवला.

"हरकत न्हाय," ती म्हणाली. "पर आदी नेम शिकायचा. नेम बसल्याबिगर पिकात बार टाकायचा न्हाय. आन् दिसल्याबिगर तर न्हाईच न्हाई. लिवा."

"हरकत न्हाय, येवडं लिवलं की झालं," जमादार म्हणाला. "बाकीचं लिवायला हितं जागा न्हाय."

"मग त्येंनी ध्येनात ठिवावं."

कल्लप्पानं मान हलवली. जमादारानं तिचा अंगठा घेतला आणि ती पुन्हा शेंगा तोडायला लागली.

परवाना उन्हाळ्यात हातात पडला. मग सोलापुरातून ठासणीची जुनी बंदूक आणली, ठाण्यात नंबर लिहून घेतला, गोणपाटात गुंडाळून ती एसटीनं गावात आली. वाटेत कंडक्टरनं विचारलं, "पाइप का ओ?" कल्लप्पा "व्हय" म्हणाला. घरात शिरला तेव्हा म्हातारा सोप्यातच होता. त्यानं गोणपाटाकडं बघितलं, आतलं काय ते ओळखलं आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. दोन दिवस जेवला नाही. काशम्मा ताट नेऊन ठेवायची आणि तसंच परत आणायची.

नेम शिकवायला शेजारच्या वाडीचा ज्ञानबा तयार झाला. पलटणीतून हवालदार होऊन आलेला, एक गुडघा ताठ, जीभ मात्र सैल. गावाबाहेर दुष्काळी कामातला पाझर तलाव होता, एवढा पाऊस होऊनही थेंबभर पाणी न धरलेला. त्याचा भराव घालायला काशम्मानं आणि फुलाबाईनं डोक्यावर पाट्या वाहिल्या होत्या. त्या मातीच्या भरावाला ज्ञानबानं फुटकं सूप टेकवलं आणि सुपाच्या मधोमध चुन्याचा टिळा लावला.

"ही चांदमारी," तो म्हणाला. "मागं माती हाय, गोळी भायेर जायाची न्हाय. दारू घाल. आता चिंदी. आता गोळी. गजानं ठास. टोपी लाव. आन् येक ध्येनात धर, ठासल्याला बार घरात न्ह्यायचा न्हाय. आदी उडवायचा, मग घर."

कल्लप्पानं दस्ता खांद्याला लावला. नळीच्या टोकाशी सूप दिसलं, टिळा दिसला, आणि मग टिळ्याच्या जागी काळी घोंगडी दिसली. त्यानं डोळे गच्च मिटले आणि चाप ओढला. गोळी कुठं गेली ते त्या गोळीलाच ठाऊक.

"आरं, देवळात हाईस का? डोळं कशाला मिटतोस?" ज्ञानबा ओरडला.

दुसरी, तिसरी, तशीच. मग ज्ञानबानं दारू बंद केली. रिकामी बंदूक धरायची, नळीवर पाच पैशाचं नाणं ठेवायचं आणि नाणं पडेपर्यंत उभं राहायचं. कल्लप्पाचं नाणं ठेवता ठेवता पडायचं. कचेरीतला तो हात काही केल्या थांबेना. तो घरी परड्यात उभा राहून करायला लागला. दंड भरून यायचे, घाम डोळ्यात उतरायचा, नाणं शेणात पडायचं, तो उचलून धोतराला पुसायचा आणि पुन्हा ठेवायचा. म्हशी त्याच्याकडं बघत रवंथ करायच्या.

अशात एकदा पाठीमागून आवाज आला.

"डावा हात."

म्हातारा दाराच्या चौकटीला धरून उभा होता. कल्लप्पाच्या हातातून बंदूकच निसटायची.

"बंदूक उजव्या हातानं धरत न्हाईत. डाव्यावर ठिवायची. पूजेला लिंग घेतोस न्हवं, तसा तळवा कर. आवळायचं न्हाय. श्वास आपुआप बारीक व्हतोय, त्येवा बगायचं." एवढं बोलून त्याला धाप लागली, आणि तो आत जाऊन बसला.

बापानं बंदुकीचा शब्द काढला म्हणून कल्लप्पाला आधी भडभडून आलं. मग त्यानं डावा तळवा उताणा केला, लहानपणी जंगमानं शिकवला होता तसा, आणि त्यावर नळी टेकवली. नाणं राहिलं. म्हशीनं शेपूट मारलं तरी राहिलं.

पुढच्या खेपेला गोळी सुपाला लागली. नंतर टिळ्याच्या कडेला. श्रावण लागेपर्यंत टिळ्यात. ज्ञानबा नाचायचाच बाकी राहिला. "कल्लप्पा, तुला शहराची चांदमारी दावतो," म्हणून तो त्याला एका ऐतवारी सोलापूरला घेऊन गेला. तिथं मैदानावर पांढऱ्या कपड्यातली माणसं तरटावर पालथी पडून बारीक रायफलींनी कागदावर नेम धरत होती. एक वकील होते, एक डॉक्टर, एक कापडवाला.

"ह्येंच्या रानात बी डुकरं हायती?" कल्लप्पानं हळूच विचारलं.

"ह्येंला रानच न्हाय. हौस."

"नुसती हौस?"

"मग? कुणी पत्तं कुटतंय, कुणी नेम धरतंय."

वकिलांनी त्याला आपली रायफल दिली. धोतराचा काष्टा सावरत तो पालथा पडला तेव्हा दोघं-तिघं हसले. त्याला कचेरीतला बाक आठवला. पण एकदा गाल दस्त्याला लागला, डावा तळवा उताणा झाला, आणि हसणं, उकाडा, डुकरं, बाप, सगळं लांब गेलं. समोर एक काळा ठिपका आणि आत बारीक श्वास. पाच गोळ्या झाल्या. कागद आणून बघितला तर चार भोकं ठिपक्यात. वकील म्हणाले, "वा! येत जा ओ दर रविवारी."

परतीच्या एसटीत कल्लप्पाच्या लक्षात आलं की आपल्याला आनंद झालाय. डुकरासाठी नव्हे, पिकासाठी नव्हे, नुसता. आणि लगोलग त्याला स्वतःची किळस आली. ज्या वस्तूनं येडू गेला, बाप जिता असून मेला, तिचीच आपल्याला गोडी लागावी? घरी त्यानं काशम्माला सांगितलं, बंदुकीची दारू आणायला गेलो होतो. आणि तरीही पुढच्या ऐतवारी तो सूप काखेत मारून पाझर तलावाकडं गेलाच. गेल्यावाचून राहवेना.

बायकांच्या नजरेतून असली गोष्ट सुटत नसते. ज्वारी खुरपताना फुलाबाई म्हणाली, "धाकलं मालक, डुकरं तर म्हैनाभर आली न्हाईत. मग ऐतवारी बार कशाचा ऐकू येतोय?"

कल्लप्पाचं खुरपं थांबलं. थाप मारावी असं जिभेवर आलं होतं, पण या बाईपुढं ती मारवेना. "नुसतंच, फुलाक्का," तो म्हणाला. "नेम धरला की बरं वाटतंय. चुकलं माजं. बंद करतो."

ती बराच वेळ खुरपत पुढं गेली. पात संपल्यावर पदरानं तोंड पुसत म्हणाली, "येडू बी गोफन फिरवायचा, पाखरं नसताना. त्या बाभळीच्या येकाच शेंगंला नेम धरून. म्या म्हनायची, येडा झालाय का? तर हासायचा." आणि थोडं थांबून, "बंद कशापायी करता? कुनाचं काय घेतलंय?"

त्या दिवशी ती आणखी एक गोष्ट म्हणाली. "यंदा मुका फेरा घाला."

"कोन घालनार?"

"बगू की."

कल्लप्पानं तो विषय तिथंच सोडला. कोण घालणार होतं? येळ अमावस्या आली. ज्वारी पोटऱ्यातून निसवून डोक्याएवढी झालेली. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, सगळं रानात आलं, पूजा झाली, गुरप्पाचं घर जेवून गेलं. म्हातारा नेहमीसारखा आला नाही. फेऱ्याचं कुणी नाव काढलं नाही, म्हणून कल्लप्पानंही काढलं नाही. पाची पांडवांपुढची राख निवायला लागली तशी बायामाणसं गावाकडं निघाली. मागं रानात कल्लप्पा एकटाच उरला.

आदल्या दिवशी ओढ्यात एकला नर दिसला होता, मोठ्या सुळ्यांचा. नुसत्या आवाजाला तो दाद देत नव्हता, गुरप्पाचं कुत्रं त्यानं फाडलं होतं. आजवर कल्लप्पानं पिकात बार टाकला तो बिनगोळीचा. आज त्यानं गोळी ठासली. ठासताना त्याच्या मनाला चाटून गेलं की बापानंही असंच कधीतरी पहिल्यांदा ठासलं असेल. तो माळ्यावर चढून बसला. ऊन गेलं, गारवा अंगाला झोंबायला लागला. ओढ्याकडून सळसळ आली.

ज्वारीच्या कडेला काळं काहीतरी होतं. वाकलेलं, हळू सरकणारं, थांबत थांबत येणारं.

दस्ता खांद्याला कधी लागला हे कल्लप्पाला कळलंसुद्धा नाही. डावा तळवा उताणा झाला, श्वास बारीक झाला, नळीचं टोक त्या काळ्यावर जाऊन बसलं आणि बसून राहिलं. आता चाप ओढला तर गोळी चुकणार नाही, हे त्याला स्पष्ट कळत होतं. आणि त्या कळण्याचीच त्याला भीती वाटली.

"यारदू?" त्यानं हाक मारली. कोण आहे, असं बापाच्या कानडी बोलीत.

ओ नाही.

"यारदू? कोन हाय तितं?"

ओ नाही. काळं थांबलं नाही, पळालं नाही, तसंच पुढं सरकलं. डुक्कर पळालं असतं. की हा नर पळणाऱ्यातला नव्हताच? बोट चापावर होतं. दिसल्याबिगर न्हाईच न्हाई, फुलाबाई म्हणाली होती. तो थांबला. हातात बळ होतं, नेम होता, आणि तरी तो नुसता बघत थांबला. नाणं ठेवून थांबायचा तसा.

काळ्यातून एक हात बाहेर आला. पानांवर पांढरं काही शिंतडलं. आंबील. आणि दुसऱ्या हातावर बिंदगा होता, डाव्या, उताण्या तळव्यावर, लिंग धरावं तसा धरलेला. तसा हात शिवारात एकाच माणसाचा होता.

कल्लप्पानं बंदूक खाली घेतली. टोपी काढून कनवटीला लावली. "अप्पा" अशी हाक ओठांवर आली होती, ती त्यानं गिळली. फेरा मोडला असता. तो माळ्यावरून उतरला आणि लांबूनच बापाच्या मागं चालत राहिला. म्हाताऱ्याचे पाय ढेकळात अडखळत होते, पण त्यानं एकदाही मागं बघितलं नाही. कोपऱ्यातल्या तुकड्याच्या बांधावर फुलाबाई उभी होती. बिंदगा तिनंच भरून दिला होता, घोंगडी तिच्याच घरची होती.

तिच्यापाशी फेरा पुरा झाला. म्हाताऱ्यानं बिंदगा खाली ठेवला. घोंगडीतून त्याचं तोंड बाहेर आलं तेव्हा ते ओलं होतं.

"आता बोला, मालक," फुलाबाई म्हणाली. "झाला फेरा."

"फुला," म्हातारा म्हणाला, "त्या दिशी म्या हाक मारली हुती का न्हाय, मला आटवत न्हाय. लई आटवून बगितलं. न्हाईच आटवत."

फुलाबाईनं बिंदगा उचलला. मग म्हणाली, "मारली हुती. यारदू, म्हनून. दोनदा. म्या हितंच हुते, ह्या बांदावर. समदं ऐकलं."

म्हाताऱ्यानं घोंगडी अंगावरून उतरवली. "मग इतकी वरसं..."

"तुमी जळत हुता. तुमाला जळू द्यायचं, येवडंच माज्या हातात हुतं." तिचा आवाज चढला नाही, फक्त चिरला. "माजा मानूस मुका ग्येला, मालक. ओ दिऊ शकला न्हाय. म्या बी मुकी ऱ्हायले. आज पोरानं हाक मारली आन् थांबला. मग मला बी बोलावं वाटलं."

"बरूबर केलंस," म्हातारा म्हणाला. त्यात राग नव्हता.

तो वळला. तोंडाला दोन्ही हात लावून, ज्या अंगाला येडू पडला होता त्या ज्वारीकडं बघत त्यानं मोठ्यांदा हाक मारली, "येडू!"

ज्वारी सळसळली. फेरा संपला होता, आता बोलायला मोकळीक होती. फुलाबाईनं पदर सावरला आणि येडूच्या वतीनं म्हणाली, "ओ."

ठासलेला बार घरी न्यायचा नसतो, म्हणून कल्लप्पानं टोपी पुन्हा लावली, ओढ्याच्या उंच दरडीकडं तोंड केलं आणि तिथल्या मातीत गोळी उडवली. बाभळीवरचे बगळे उठले. म्हातारा दचकला नाही. त्यानं घोंगडीची घडी घातली, ती फुलाबाईच्या हातात दिली आणि वाटेला लागता लागता लेकाला विचारलं,

"ऐतवारी सूप कुटं लावतोस रं? मला बी न्हे की. तुजा डावा हात अजून बगितला न्हाय म्या."